अर्थवाद आणि उपपत्ती : धर्म, निरीश्वरवाद आणि नीती या विषयांवरील ग्रंथांच्या समीक्षेचा विचार

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात वैचारिक गद्याला स्थान मिळून बराच काळ लोटला. तथापि या गद्याची समीक्षा कशी करावी, याचा विचार त्या मानाने थोडाच झाला आहे. कादंबरी, कविता आणि नाटक यांच्यासाठी आपल्याजवळ परिभाषा आहे, संप्रदाय आहेत आणि त्या संप्रदायांचे आपापसांतील कलहही आहेत. ‘गीतारहस्य’, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ किंवा आगरकरांचे ‘सुधारका’तील निबंध समोर आले की ही सामग्री अपुरी पडते. मग अभ्यासकापुढे दोनच वाटा उरतात. पहिली शैलीची. टिळकांचे गद्य ठाशीव, आगरकरांचे आवेशपूर्ण, फुल्यांचे रोखठोक, अशी विशेषणे वाटून तो मोकळा होतो. ग्रंथात काय सिद्ध केले आहे हा प्रश्न त्याच्या मते तत्त्वज्ञान विभागाचा. दुसरी वाट पक्षाची. ज्याला निष्कर्ष मान्य, त्याला ग्रंथ युगप्रवर्तक. ज्याला अमान्य, त्याला तो एकांगी. दोन्ही वाटांनी गेले तरी ग्रंथ न वाचता उत्तरपत्रिका लिहिता येते, आणि अनेकदा तशीच ती लिहिली जाते.

हा प्रश्न गुणांपुरता असता तर त्यासाठी एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. दाभोलकरांच्या लेखनात एक सीमारेषा वारंवार आखलेली दिसते. देव मानावा की मानू नये, याविषयी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीची भूमिका तटस्थतेची आहे; तिचा विरोध देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. ही रेषा टिकते काय, श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांत तर्काने भेद करता येतो काय, हे प्रश्न समीक्षकाने अवश्य विचारावेत. पण त्यांना धर्मद्रोही म्हणणारा आणि निरीश्वरवादाचा प्रचारक म्हणून गौरवणारा, या दोघांनीही तो प्रश्न विचारलेला नसतो. ग्रंथाने जो दावा केला नाही तो त्याच्या माथी मारून एकाने निंदा केली, दुसऱ्याने स्तुती. ज्या समाजात असे वाचन प्राणावर बेतू शकते, तेथे ‘या पुस्तकात नेमके काय म्हटले आहे’ हे सांगता येणे हे मराठीच्या अध्यापकाचेही काम ठरते.

प्रारंभ परिभाषेपासून करावा लागतो, कारण गोंधळाची सुरुवात तेथेच होते. ‘नास्तिक’ हा शब्द आज आपण ईश्वर न मानणारा या अर्थाने वापरतो. पाणिनीच्या ज्या सूत्रावरून ‘आस्तिक’, ‘नास्तिक’ हे शब्द साधले जातात, त्याच्या टीकाकारांनी तो परलोक मानण्या-न मानण्याशी जोडला. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ झाले. आणि वेद, परलोक व ईश्वर यांचे नाकारणे ही तीन वेगवेगळी कृत्ये आहेत. कुमारिल भट्ट वेदप्रामाण्याचा कट्टर कैवारी; त्याच्याइतका वैदिक दुसरा शोधूनही सापडायचा नाही. परंतु ‘श्लोकवार्तिका’त त्याने जगाचा कर्ता असा ईश्वर मानणाऱ्यांचे कठोर खंडन केले आहे. करुणेपोटी ईश्वराने सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा करावी असे होते तरी कोण? आणि करुणाच असेल तर त्याने केवळ सुखी प्राणीच का उत्पन्न केले नाहीत? उलट महात्मा फुले वेदांसह कोणत्याही ग्रंथाला ईश्वरप्रणीत मानायला तयार नाहीत, पण निर्मिकावरची त्यांची श्रद्धा अढळ आहे. म्हणजे कुमारिल आस्तिक असून निरीश्वरवादी, आणि फुले मनूच्या अर्थाने नास्तिक असून सेश्वर! या दोघांना ‘आस्तिक विरुद्ध नास्तिक’ अशा एका सरळ रेषेवर बसविणारा समीक्षक दोघांवरही अन्याय करतो. डॉ. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या ग्रंथाला ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ असे नाव दिले. ते अनेकांना केवळ चमत्कृतीचे वाटते. वस्तुतः हा शब्द कोणी, कोणाविरुद्ध आणि कोणत्या अर्थाने चालवला, असा प्रश्न त्या नावातच विचारलेला आहे.

परिभाषा निस्तरल्यावर साधनांचा प्रश्न येतो. ही साधने दूरदेशाहून आणण्याची गरज नाही. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याची सहा गमके मीमांसकांनी सांगितली आहेत : उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता म्हणजे अन्यत्र न मिळणारे असे काही, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. त्यांतील शेवटची दोन प्रस्तुत विषयाला अत्यंत उपयोगी आहेत. मुख्य विधान ठसविण्यासाठी केलेली स्तुती, निंदा, आख्यान वा दृष्टान्त म्हणजे अर्थवाद. विधान सिद्ध करणारा युक्तिवाद म्हणजे उपपत्ती. धर्मावरील ग्रंथ असो वा धर्माविरुद्धचा, त्यात अर्थवाद विपुल असतो आणि तो असण्यात दोष नाही. माणसे केवळ अनुमानाने हलत नाहीत. दोष असतो तो वाचकाचा, जेव्हा तो अर्थवादालाच उपपत्ती समजतो. संतचरित्रातील चमत्कार वाचून कोणी ईश्वराचे अस्तित्व सिद्ध झाले असे मानतो. दुसरा कोणी धर्मयुद्धांची व देवळांतील लुबाडणुकीची वर्णने वाचून ईश्वराचे नास्तित्व सिद्ध झाले असे मानतो. दोघांची चूक एकाच जातीची आहे.

एक सावधगिरी मात्र येथेच नोंदवली पाहिजे. ही गमके ग्रंथाचा अर्थ ठरवतात, त्याची सत्यता ठरवीत नाहीत. मीमांसकाला तो दुसरा प्रश्न नव्हताच. वेदाचे तात्पर्य कळले की त्याचे काम संपत असे, कारण वेद प्रमाण हे आधीच ठरलेले होते. आपली गोष्ट तशी नाही. तात्पर्यनिर्णय आणि प्रामाण्यविचार या दोन पायऱ्या आपल्याला क्रमाने चढाव्या लागतात. त्यांपैकी पहिली गाळून दुसरीवर उडी घेण्याची घाई पुरोगामी वाचक करतो. पहिलीवरच ठाण मांडून बसण्याची सवय श्रद्धाळू वाचकाला असते.

टिळकांनी ही सहा गमके ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात मांडून ग्रंथाला हात घातला, म्हणून त्यांच्यापासून आरंभ करणे न्याय्य होईल. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ. त्याचे पूर्ण नाव ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ असे आहे, आणि त्यातील ‘अथवा’ हे अव्यय फार मोठे ओझे वाहते. ग्रंथ एकाच वेळी दोन दावे करतो. पहिला, गीतेचे तात्पर्य संन्यास किंवा केवळ भक्ती नसून ज्ञानमूलक, भक्तिप्रधान कर्मयोग हे आहे. दुसरा, हा कर्मयोग नीतिशास्त्र म्हणूनही पाश्चात्त्यांच्या आधिभौतिक सुखवादापेक्षा श्रेष्ठ आहे. हे दोन दावे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. पहिला खरा असून दुसरा खोटा असू शकतो. पहिला खोटा ठरला तरी दुसरा खरा असू शकतो. ‘गीतारहस्या’वरील पुष्कळ चर्चा या दोहोंची सरमिसळ करते, आणि टिळकांच्या भाषेचा ओघ असा आहे की सरमिसळ झाल्याचे ध्यानातही येत नाही.

पहिल्या दाव्यापुरते पाहिले तर टिळकांची बाजू बळकट आहे. युद्ध करणार नाही असे म्हणून धनुष्य टाकलेला अर्जुन हा उपक्रम, आणि सांगितल्याप्रमाणे करीन असे म्हणून उठलेला अर्जुन हा उपसंहार. यांच्यामध्ये सांगितलेल्या उपदेशाचे फल संन्यास असेल, तर अर्जुन रणांगणावर उरलाच नसता. हा युक्तिवाद आजही सहजासहजी मोडता येत नाही. परंतु त्यात एक खाच आहे. संन्यासाची वा निवृत्तीची प्रशंसा करणारी गीतेतील स्थळे गौण ठरवायची, तर ती अर्थवाद आहेत असे म्हणावे लागते. ती अर्थवाद आहेत हे कशावरून? मुख्य तात्पर्य कर्मयोग आहे यावरून. आणि मुख्य तात्पर्य कर्मयोग हे कशावरून? इतर स्थळे गौण आहेत यावरून. हे वर्तुळ टिळकांचे एकट्याचे नाही. आधीच्या भाष्यकारांनी आपापल्या संप्रदायाच्या सोयीने गीता ओढली असा जो आक्षेप टिळक घेतात, त्याच्या मुळाशी हेच वर्तुळ आहे. उपक्रमोपसंहाराच्या आधाराने टिळक त्यातून इतरांपेक्षा अधिक बाहेर पडतात, एवढेच फार तर म्हणता येईल. समीक्षकाला यातून एक कामचलाऊ प्रश्न मिळतो : ग्रंथकाराने कोणती स्थळे खालच्या पायरीवर बसवली, आणि त्यासाठी स्वतंत्र कारण दिले काय?

दुसऱ्या दाव्याची तपासणी अधिक मनोरंजक आहे. ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या तत्त्वाविरुद्ध टिळकांनी जी उदाहरणे दिली त्यांत पॉल केरस याच्या ग्रंथातून घेतलेले एक अमेरिकन उदाहरण आहे. एका मोठ्या शहरात ट्रामवे सुरू करायची होती. सरकारी परवानगीला विलंब लागेल म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. परवानगी लवकर मिळाली, ट्राम सुरू झाली, लोकांची सोय झाली. पुढे प्रकरण उघडकीस येऊन त्या गृहस्थावर खटला झाला. परिणाम पुष्कळांच्या सुखाचा. तरीही कृत्य निंद्य. म्हणून नीतीचा निकष बाह्य परिणामात नसून कर्त्याच्या बुद्धीत आहे, असा टिळकांचा निष्कर्ष. ही खरी उपपत्ती आहे. तिला स्तुतीचे वा निंदेचे टेकू नाहीत, आणि तिला उत्तर द्यायचे तर उपयुक्ततावाद्याला आपला सिद्धान्त दुरुस्त करून मांडावा लागतो. लाचेची प्रथा रूढ झाल्यास होणारे दूरगामी परिणाम हिशेबात धरावे लागतात.

पण याच बिंदूवर टिळकांची स्वतःची अडचणही उभी राहते. कर्त्याची बुद्धी सम असली की कर्म शुद्ध. मग बुद्धी सम आहे हे ओळखायचे कसे? बाह्य आचरणावरून म्हटले, तर परिणामांचा निकष मागच्या दाराने आत आला. कर्त्याच्या स्वतःच्या प्रत्ययावरून म्हटले, तर ज्याला आपली बुद्धी सम झाली असे वाटते त्या प्रत्येकाच्या हाती सनद आली. स्थितप्रज्ञाच्या वर्तनाला नीतीचे प्रमाण मानणाऱ्या कोणत्याही विचाराला हा आक्षेप येतो. टिळकांना त्याची जाणीव नव्हती असे नाही. सर्वभूतात्मैक्याच्या ज्ञानातून जी समता येते तीच खरी, असे ते सांगतात. मात्र तसे सांगताना ग्रंथाचा सगळा भार नीतिशास्त्रावरून उतरून अध्यात्मावर जातो. ज्याला आत्मैक्य मान्य नाही, त्याला या ग्रंथातून ट्रामवेच्या व्यवस्थापकाला दोषी ठरवण्याचे कारण मिळते की नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते मिळते, पण ते टिळकांनी दिलेल्या कारणापेक्षा वेगळे असते. भार नेमका कोठे पेलला आहे हे या रीतीने शोधणे, म्हणजेच या प्रकारच्या ग्रंथाची समीक्षा करणे होय.

हीच कसोटी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’ला लावली की निराळेच चित्र दिसते. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडल्यावर फुल्यांनी हा ग्रंथ डाव्या हाताने लिहिला. त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये, तो प्रकाशित झाला. त्याची रचना संवादांची आहे. कोणी एक जण प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. सुख, निर्माणकर्ता, नामस्मरण, नैवेद्य, स्वर्ग, स्त्री आणि पुरुष, पाप, पुण्य, श्राद्ध असे विषय एकामागून एक येतात. ग्रंथ विस्कळीत आहे असा शेरा आपल्या वर्गांत सर्रास मारला जातो. ‘गीतारहस्या’च्या पंधरा प्रकरणांची शिस्त येथे नाही, हे उघडच आहे. परंतु संवाद हा येथे अलंकार नव्हे. ज्या समाजाला शतकानुशतके प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता, त्या समाजातील माणसे नावानिशी प्रश्न विचारताहेत, ही गोष्टच ग्रंथाच्या प्रतिपाद्याचा भाग आहे. रचनेचा विचार मराठीच्या अभ्यासकाने करायचा तो असा. विस्कळीतपणा मोजत बसण्यात हशील नाही.

आता उपपत्ती. निर्मिकाने सर्व मानव स्त्रीपुरुषांना स्वतंत्र आणि समान हक्कांचे धनी म्हणून निर्माण केले, हे ग्रंथाचे मूळ विधान. टीकाकार येथे लगेच म्हणतो, निर्मिक सिद्ध कुठे केला? आक्षेप रास्त आहे. कुमारिलाने करुणामय कर्त्याला विचारलेला प्रश्न फुल्यांच्या निर्मिकालाही विचारावाच लागतो, आणि मानवाचे दुःख मानवाच्याच दुराचरणातून आले या उत्तराने भूकंपाची वा रोगराईची वाट लागत नाही. परंतु समीक्षा एवढ्यावर थांबली तर तिने अर्धेच पुस्तक वाचले. निर्मिक हटवला असता ग्रंथातील कोणता भाग कोसळतो आणि कोणता उभा राहतो, हे पाहिले पाहिजे. ‘स्त्री आणि पुरुष’ या संवादाचेच उदाहरण घ्यावे. पुरुषांनी दोन-तीन बायका कराव्यात, हे ज्यांना गैर वाटत नाही त्यांना फुले विचारतात : स्त्रियांनी तसेच दोन-तीन नवरे केले, तर तुम्हांला चालेल काय? हा युक्तिवाद भूमिकांच्या अदलाबदलीचा आहे. त्याला निर्मिकाची गरज नाही, परलोकाची नाही, कोणत्याही धर्मग्रंथाची नाही. प्रतिपक्षाने तो नाकारायचा तर स्त्री आणि पुरुष यांत नीतिदृष्ट्या भेद का करावा याचे कारण त्यालाच द्यावे लागते. म्हणजे या ग्रंथात दोन प्रकारच्या उपपत्ती शेजारी शेजारी नांदतात : एक निर्मिकावर टेकलेली, दुसरी स्वतःच्या पायांवर उभी. दुसरी अधिक बळकट आहे, असे माझे मत आहे.

मग निर्मिक करतो काय? तो मुख्यतः मधला माणूस हटवतो. ज्याला नैवेद्य नको, नामस्मरण नको, भट नको आणि ग्रंथ नको, असा हा कर्ता. पुरोहिताला त्याच्या दारात उभे राहण्याचे काही प्रयोजनच उरत नाही. या दृष्टीने पाहिले असता ग्रंथातील ते प्रसिद्ध कुटुंब ध्यानात येते. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झालेली, तिचा नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. ही सारी एका घरात एकमेकांचा हेवा न करता राहतात. नवा धर्म सांगणाऱ्या ग्रंथाने आपल्या धर्माला घरातल्या चौघांपैकी एकाचीच जागा द्यावी, ही अपूर्वता आहे, मीमांसकांच्या काटेकोर अर्थाने अपूर्वता. फुल्यांना ‘पर्यायी धर्म देणारे’ म्हणून गौरवणाऱ्यांनी आणि ‘धर्म नाकारणारे’ म्हणून आपलेसे करू पाहणाऱ्यांनी, दोघांनीही या घरात डोकावून पाहायला हवे.

आगरकरांविषयी थोडक्यात. ‘सुधारका’तील त्यांच्या निबंधांमागे मिल् आणि स्पेन्सर यांचा विचार उभा आहे, हे सर्वश्रुत आहे. देवतांची कल्पना कशी उत्पन्न झाली याचे विवेचन करताना भुते, पितर आणि निसर्गशक्ती यांविषयीच्या आदिम मानवाच्या समजुतींपर्यंत ते मागे जातात. हे लेखन निर्भय आहे आणि आजही वाचनीय आहे. पण कल्पनेच्या उत्पत्तीचा इतिहास हा तिच्या खोटेपणाचा पुरावा नव्हे. रसायनशास्त्राची वाट किमयेतून गेली म्हणून रसायनशास्त्र खोटे ठरत नाही. उत्पत्तिकथेने फार तर एवढे होते की, ‘एवढी माणसे मानतात म्हणून त्यात तथ्य असलेच पाहिजे’ या युक्तिवादाची धार जाते. तेवढे काम ती चोख करते. आगरकरांच्या चाहत्यांनी तिच्यावर याहून अधिक ओझे घालू नये. आगरकरांचे खरे बळ अन्यत्र आहे. धर्माच्या भीतीशिवायही माणूस नीतीने वागू शकतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी सामाजिक चालींवर लिहिलेल्या लेखांत ते सापडते.

डॉ. आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत निघाला आणि मराठी वाचकांच्या जीवनात त्याने अनुवादाच्या रूपाने स्थान मिळवले. या ग्रंथाबाबत समीक्षकाची परीक्षा सर्वांत कठीण होते, कारण तो लाखो लोकांच्या पाठांतला ग्रंथ आहे आणि त्याच वेळी अत्यंत चिकित्सक ग्रंथ आहे. वृद्ध, रोगी आणि शव पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही परंपरागत कथा आंबेडकर नाकारतात. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही. म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलीय वादातून ते परिव्रज्येचा उलगडा करतात. बुद्धवचन कोणते हे ठरवण्याचा निकषही ते वाचकापासून लपवीत नाहीत. बुद्ध हा सर्वार्थाने बुद्धिवादी होता. म्हणून जे विवेकाला धरून आहे ते त्याचे मानावे. मानवाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा वादात तो पडला नाही. आणि ज्या बाबतींत निश्चिती नव्हती तेथे त्याची मते तात्पुरती होती. टिळकांच्या संदर्भात जे वर्तुळ आपण पाहिले ते येथे पुन्हा भेटते : विवेकाला न पटणारे ते बुद्धाचे नव्हे, आणि म्हणून बुद्ध विवेकवादी. फरक एवढाच की आंबेडकरांनी ते वर्तुळ उघड्यावर आखून दाखवले. ज्याने आपला निकष सांगितला त्याच्याशी वाद घालता येतो. ज्याने तो पोटात ठेवला त्याच्यापुढे मान तरी डोलवावी लागते किंवा भांडावे तरी लागते.

या ग्रंथाचा भार ज्या खांबावर आहे तो खांब मात्र वेगळाच आहे. धर्मात जे स्थान ईश्वराचे, तेच धम्मात नीतीचे, असे आंबेडकर मांडतात. निरीश्वरवादी वाचक येथे टाळ्या वाजवून पान उलटतो. पण पुढचे पान महत्त्वाचे आहे. नुसती नीती पुरेशी नाही, असे तेथे म्हटले आहे. नीती चोरांच्या टोळीतही असते, व्यापाऱ्यांतही असते, जातभाईंतही असते. प्रत्येक गट आपल्या हितापुरती नीती पाळतो आणि बाहेरच्यांना वगळतो. म्हणून नीती सार्वत्रिक हवी आणि ती पवित्रही हवी. ‘पवित्र’ हा शब्द निरीश्वर ग्रंथात आला आहे, तो अनवधानाने आलेला नाही. गटाच्या स्वार्थाने जिला सहज हात लावता येणार नाही, अशी नीती आंबेडकरांना हवी होती. आणि जातिव्यवस्थेचा अनुभव घेतलेल्या विचारवंताला, माणसाचा सद्‌भाव गटाच्या वेशीपाशी कसा थबकतो, हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ईश्वराशिवाय पावित्र्य टिकते काय, हा या ग्रंथाला विचारायचा खरा प्रश्न आहे. तो भक्तही विचारत नाही आणि निंदकही विचारत नाही.

या सर्व ग्रंथांना लागू पडणारी आणखी एक कसोटी राहिली, ती पूर्वपक्षाची. प्रतिपक्ष मांडताना ग्रंथकार किती प्रामाणिक राहतो? प्राचीन शास्त्रग्रंथांत पूर्वपक्षाला मानाची जागा होती, असे आपण अभिमानाने सांगतो. पण चार्वाकांच्या वाट्याला काय आले ते पाहावे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तले पहिले प्रकरण चार्वाकदर्शनाचे, आणि ते एका वेदान्त्याने लिहिलेले. ऋण काढून तूप पिण्याचा जो उपदेश आपण चार्वाकाच्या नावावर आजही सांगतो, त्या श्लोकाच्या अन्यत्र मिळणाऱ्या पाठांत तुपाचा आणि कर्जाचा मागमूसही नाही. मृत्यूच्या आवाक्याबाहेर काही नाही, एवढेच तेथे म्हटले आहे. एका चरणाच्या पाठभेदाने एक अख्खे दर्शन खादाड ठरले. जयराशिभट्टाच्या ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथाची प्रत पाटणच्या भांडारात सापडली आणि १९४० मध्ये ती छापली गेली, तेव्हा सर्व प्रमाणांवर शंका घेणाऱ्या एका संशयवादी विचाराचे रूप प्रथमच त्याच्या स्वतःच्या शब्दांत समोर आले. त्याला लोकायत म्हणावे की न म्हणावे याबद्दल वाद आहे. पण तो ग्रंथ वाचणाऱ्याला त्यात तुपाचा वास येत नाही.

पूर्वपक्षाचा हा अपराध केवळ श्रद्धावंतांनीच केला असे नाही. रिचर्ड डॉकिन्स यांचा ‘द गॉड डिल्यूजन’ (२००६) हा ग्रंथ आपल्याकडच्या तरुण वाचकांतही बराच फिरला आहे. त्याची दहा प्रकरणे आहेत. ईश्वर जवळजवळ निश्चितच नाही, हे सिद्ध करणारा मुख्य युक्तिवाद चौथ्या प्रकरणात आहे : सृष्टीच्या गुंतागुंतीचा उलगडा करण्यासाठी मानलेला कर्ता त्या सृष्टीहूनही गुंतागुंतीचा, म्हणून अधिक असंभाव्य ठरतो. हा युक्तिवाद गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तरे दिली गेली आहेत. मात्र पुस्तक वाचून प्रभावित झालेल्या विद्यार्थ्याला काय पटले असे विचारले, तर तो बहुधा चौथे प्रकरण सांगत नाही. कट्टर पंथीयांचे किस्से सांगतो. तो अर्थवाद. शिवाय ज्या ईश्वरकल्पनेचे खंडन झाले ती ख्रिस्ती-यहुदी परंपरेतील कर्त्याची आहे. अद्वैत्याचे ब्रह्म तिच्या तडाख्यात पुरते येत नाही, आणि मीमांसकाच्या ईश्वरहीन वेदाला तर तिचा धक्काही लागत नाही. मराठी वाचकासाठी या पुस्तकाची ओळख करून देणाऱ्याने हे सांगायला हवे. हा डॉकिन्स यांचा दोष नव्हे. त्यांचा प्रतिपक्ष त्यांच्या दारातला होता. दोष होईल तो आपला, जर आपण त्यांची तलवार उसनी घेऊन आपल्या दारातल्या प्रतिपक्षाकडे पाहिलेच नाही.

शेवटी एक मुद्दा, जो मराठी विभागाला अधिक जवळचा आहे. वामन मल्हार जोशी यांनी ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ लिहिला आणि १९३० मध्ये ‘सुशीलेचा देव’ ही कादंबरीही लिहिली. एकाच लेखकाने एकाच प्रश्नाकडे एकदा शास्त्राच्या आणि एकदा कथेच्या वाटेने जावे, अशी जोडी आपल्याकडे विरळा. सुशीलेच्या आयुष्यात प्रसंग बदलतात तशी तिची देवाची कल्पना बदलत जाते. अर्थात कादंबरीतल्या प्रसंगांनी कोणतेही विधान सिद्ध होत नाही. मीमांसक त्याला अर्थवादच म्हणेल. तरीही एखादी नैतिक भूमिका माणसाला जगता येते काय, हे कळण्याचे ते एक ठिकाण आहे, आणि नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाला तो प्रश्न टाळता येत नाही. वामनरावांच्या कादंबऱ्यांत चर्चाच फार, असा आक्षेप आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. ही दोन पुस्तके एका सत्रात शेजारी शेजारी ठेवून शिकवली आणि ‘प्रवेशा’तील कोणते मत सुशीलेच्या घरात टिकले व कोणते टिकले नाही असा प्रश्न विद्यार्थ्यांना घातला, तर त्या चर्चांचे प्रयोजन कदाचित वेगळे दिसेल. विभागांनी हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. त्यासाठी अभ्यासक्रमात बदल करावा लागत नाही, प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न बदलला तरी पुरते.